ताप पुस्तकाबाहेरचा निघाला तर : वेगळ्या रूपात येणारे संसर्ग कसे ओळखायचे

ऑगस्टमधली गोष्ट. वेल्ह्याकडच्या एक मावशी, पन्नाशीच्या आतबाहेरच्या, आठ दिवसांचा ताप घेऊन आल्या. सोबत मुलगा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत : डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइडची विडाल चाचणी पॉझिटिव्ह. प्लेटलेट्स ७० हजार, यकृताची एन्झाइम्स चौपट. टायफॉइडचं इंजेक्शन पाच दिवस चालू होतं आणि ताप ढिम्म हलत नव्हता. मी छाती ऐकली, पोट दाबलं, जीभ पाहिली आणि इंजेक्शन बदललं. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, ऑक्सिजन उतरला. त्या संध्याकाळी अंग पुसून देणाऱ्या आयाबाईंनी मला हाक मारली. "डॉक्टर, इथं बघा. उदबत्तीचा चटका बसल्यासारखं काय आहे हे?" बेंबीच्या खाली, परकराची नाडी रुतते त्या वळावर, हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी खपली, भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून मावशींनी सांगितली नव्हती. मी तिथवर कपडा सारून पाहिलंच नव्हतं.

स्क्रब टायफस होता, गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप गेला, धाप ओसरायला मात्र आठवडा लागला. भातलावणीचे दिवस होते, मावशी रोज बांधावरच्या गवतात बसून जेवत होत्या. हेही मी विचारलं नव्हतं.

पुढचं सगळं मुख्यतः नव्याने दवाखाना थाटलेल्या आणि रेसिडेन्सी करणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. घरातल्या माणसाचा ताप आठवडाभर हटत नसेल तर डॉक्टरांपुढे काय मांडायचं, हेही इतरांना त्यातून घेता येईल. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे : विचित्र दिसणारा ताप बहुतेक वेळा नेहमीच्याच आजाराचा असतो, फक्त तो आडवाटेने आलेला असतो. त्याला शोधायला महागडं पॅनेल क्वचित लागतं. तारखा, चार नेमके प्रश्न आणि अंगावरचे कपडे बाजूला करण्याइतका वेळ, एवढं बऱ्याचदा पुरतं.

पायरी १ : तारखांचा कागद

केसपेपरवर पहिली ओळ लक्षणांची नको, तारखांची हवी. तापाचा पहिला दिवस कुठला, हे रुग्णाकडून सरळ कळत नाही. "परवापासून ताप" म्हणणारा माणूस गेल्या शनिवारपासून क्रोसिन घेत असतो, कारण नुसती कणकण होती आणि कणकणीला तो ताप धरत नाही. म्हणून मी उलटं विचारतो : "शेवटचं अगदी ठणठणीत कधी वाटलं होतं? त्या दिवशी काय केलंत?" लोकांना तारीख आठवत नाही, पण बारशाला गेलो होतो, मॅच पाहिली होती, हे आठवतं. तिथून मोजायचं.

या एका तारखेवर दोन गोष्टी ठरतात. पहिली, कोणता आजार बसतो आणि कोणता बसत नाही. डास चावल्यापासून डेंगीचा ताप साधारण ४ ते १० दिवसांत येतो, फार तर १४. म्हणजे कोकणातून परतून २० दिवस झाले आणि ताप आज आला, तर तो डेंगी कोकणातला नाही. स्क्रब टायफसला ६ ते २१ दिवस लागतात, लेप्टोला (प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून येणारा लेप्टोस्पायरोसिस) बहुधा ५ ते १४, टायफॉइडला आठवडा ते दोन आठवडे, कधी महिनाही. व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात दडी मारून महिन्यांनी उलटू शकतो, म्हणून "मागच्या वर्षी झाला होता" हे उत्तर टाकाऊ नाही. रेबीजला साधारण एक ते तीन महिने, क्वचित वर्षाच्यावर. तोवर कुत्र्याचा ओरखडा घरात कुणाला आठवत नसतो.

दुसरी गोष्ट, कोणती तपासणी आज करायची. डेंगीची एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) पहिल्या पाच दिवसांत कामाची, आयजीएम (अँटिबॉडी शोधणारी) पाचव्या दिवसानंतर. आठव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंगी नाही, असं लिहिलेले कागद मी दर पावसाळ्यात पाहतो. लेप्टो आणि स्क्रबची आयजीएमही पहिल्या तीन-चार दिवसांत फसवी निगेटिव्ह येते. रक्ताचं कल्चर उलटं : जितक्या लवकर तितकं चांगलं आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. मलेरियाची स्लाइड एकदा निगेटिव्ह आली म्हणजे विषय संपला नाही. संशय असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा बघायची.

पायरी २ : प्रश्न विचारायची भाषा

"प्रवास केला का?" हा प्रश्न पुण्यात निकामी आहे. पानशेतच्या फार्महाउसवर शनिवार-रविवार काढलेला माणूस "नाही" म्हणतो. राजगड चढून आलेला "नाही" म्हणतो. दर पंधरवड्याला भोरला आई-वडिलांकडे जाणारा तर हमखास "नाही" म्हणतो, कारण घरी जाणं हा प्रवास थोडाच असतो? त्याऐवजी विचारा : "गेल्या महिन्यात स्वतःच्या पलंगाशिवाय कुठे झोपलात? गवतात कुठे बसलात? चिखलात, साचलेल्या पाण्यात पाय गेला का, आणि तेव्हा पायाला जखम होती का?"

"प्राणी आहेत का?" याचं उत्तर लोक कुत्रा-मांजरापुरतं देतात. गोठा आहे का, शेळी-मेंढीचं बाळंतपण हाताने केलंत का, धारोष्ण दूध पिता का, हे वेगळं विचारावं लागतं. मेंढपाळ कुटुंबातला तरुण महिनाभर संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम, कंबरदुखी आणि एका बाजूचं अंडकोष सुजलेलं असा आला, तर ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून येणाऱ्या संसर्गाचा, विचार करायचा. त्या वेळी लॅबला फोन करून तसं सांगायचं, कारण हा जंतू कल्चरच्या प्लेटवरून काम करणाऱ्याला लागू शकतो.

पाणी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे (संसर्गानंतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण एकापाठोपाठ आले. पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. या आजारात रुग्ण पोटाची तक्रार घेऊन येतच नाही. तो म्हणतो, "जिना चढताना पाय देतात सोडून," किंवा "शर्टाची बटणं लागत नाहीत." जुलाब आठ-पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेलेले असतात आणि त्याच्या लेखी तो विषय संपलेला असतो. पायांतून वर चढणारा अशक्तपणा, गुडघ्यावर हातोडी मारली तर झटका नाही, आणि मागे गेलेला जुलाबाचा आठवडा : एवढ्यावर निदानाची दिशा ठरते. पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी नॉर्मल, हे पुस्तकी चित्र पहिल्या आठवड्यात अनेकदा दिसतच नाही. त्या नॉर्मल रिपोर्टवर रुग्णाला घरी पाठवू नका.

चौथा प्रश्न औषधांचा. मेडिकलमधून आणलेल्या तीन रंगांच्या गोळ्यांत एक स्टेरॉइड असतं असं धरून चाला. स्ट्रिप आणायला सांगा, नाहीतर फोटो मागवा. स्टेरॉइडने ताप दबतो, सूज दबते, माणूस चार दिवस बरा दिसतो. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने क्षयरोगही काही दिवस दबतो आणि निदान आठवडे लांबतं. "न्यूमोनिया होता, गोळ्यांनी बरा झाला, महिन्याने परत आला" असा इतिहास ऐकला की कान टवकारा.

पायरी ३ : उजेडात, कपडे बाजूला करून

ट्यूबलाइटखाली कावीळ दिसत नाही. रुग्णाला खिडकीपाशी न्या. पडदा, सोबत एक बाई आणि रुग्णाची परवानगी, या तीन गोष्टी असल्या की संकोच बराच कमी होतो. मावशींच्या वेळी यातलं सगळं हाताशी होतं, फक्त मी घाईत होतो.

स्क्रबची खपली घट्ट कपड्याखाली किंवा घामाच्या जागी असते : काख, स्तनांखालचा वळ, कंबरेची नाडी, जांघ, अंडकोषाची त्वचा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. ओलसर जागी ती काळी न दिसता पिवळट व्रणासारखी दिसते. आसपासची गाठ दुखरी असेल तर त्या गाठीच्या परिसरात पुन्हा शोधा. ती सापडली नाही तरी स्क्रब निकालात निघत नाही, सगळ्यांना खपली उठतेच असं नाही.

तळहात आणि तळपाय. तिथवर पुरळ आलं असेल तर गोचिडातून येणारा रिकेट्सियल ताप मनात आणा, आणि सिफिलिसही. पुरळ कुठून सुरू झालं ते विचारा. मनगट-घोट्यांपासून सुरू होऊन धडाकडे सरकलं तर पहिल्याचा संशय बळावतो.

डोळे लाल, पण चिकटा नाही आणि पोटऱ्या दाबल्या तर माणूस कळवळतो : लेप्टो. नाकाच्या शेंड्यावर आणि गालांवर काळपट डाग, सांधे आखडलेले : चिकनगुन्या. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे असे इतके रुग्ण आले की शेवटी नाक पाहूनच प्रश्न विचारायची सवय लागली. त्याच साथीत चिकनगुन्या मेंदूवर गेलेले आणि हातपाय लुळे पडलेले रुग्णही पुण्यातल्या डॉक्टरांनी पाहिले. सांधेदुखीचा आजार म्हणून आपण त्याला हलक्यात घ्यायचो, तेव्हापासून घेत नाही. त्याच पावसाळ्यात झिकाही होता. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता. बारीक ताप, पुरळ, लाल डोळे इतकाच तो दिसतो, पण रुग्ण गर्भवती असेल तर गर्भाच्या डोक्याची वाढ सोनोग्राफीत बघत राहावी लागते.

मणक्यावर बोटांनी एकेक करून टिचकी मारा. एकाच मणक्यावर दुखत असेल आणि रात्री दुखण्याने जाग येत असेल तर "कंबर भरली" म्हणून तेल चोळायला सांगू नका, एमआरआय करा. क्षयाने आधी मणका पोखरला जातो, चकती बहुधा उशिरापर्यंत टिकते. कोपराच्या आतल्या बाजूला नस चाचपा. ती दोरीसारखी जाड लागली, कानाच्या पाळ्या जाडसर आणि भुवयांचे बाहेरचे केस विरळ असतील, तर समोरचा "संधिवात" कुष्ठरोगाची रिॲक्शन असू शकतो. ताप, सुजलेले सांधे, अंगावर लाल दुखऱ्या गाठी असं चित्र घेऊन वर्ष-वर्ष संधिवाताच्या गोळ्या खाल्लेले रुग्ण मी पाहिले आहेत. चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून बघायला एक मिनिट लागतं.

नखांखाली बारीक उभ्या रेषा, हृदयाचा नवा आवाज, तीन आठवड्यांचा बारीक ताप : हृदयाच्या झडपेचा संसर्ग. हा माणूस पहिल्यांदा अर्धांगवायू घेऊनही येतो. तरुण माणसाला पक्षाघात आणि ताप एकत्र दिसला की मेंदूच्या स्कॅनइतकंच रक्ताचं कल्चर महत्त्वाचं.

नागिणीचं एक सांगायला हवं. फोड यायच्या दोन-तीन दिवस आधी नुसती आग आणि ठणका असतो. छातीवर असेल तर ईसीजी निघतात, कुशीत असेल तर मूतखड्याची सोनोग्राफी होते. एका बाजूच्या पट्ट्यात कपड्याचा नुसता स्पर्शही सहन होत नसेल, तर रुग्णाला सांगून ठेवा : "पुरळ दिसलं की त्याच दिवशी या." औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर उपयोग जास्त. आणि वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, ही समजूत अजून आहे, पेठांतही आहे. नागीण एका बाजूच्या नसेच्या पट्ट्यातून चालते, म्हणून सहसा ती मध्यरेषेशी थांबते. हे चित्र काढून दाखवलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

पायरी ४ : ज्यांचं शरीर नियम पाळत नाही

सदाशिव पेठेतले ८२ वर्षांचे एक आजोबा. सून म्हणाली, "ताप नाही, खोकला नाही. पण आज सकाळचा पेपर उघडलाच नाही त्यांनी." चाळीस वर्षांची सवय मोडली होती. तापमान ९९. मी मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजले, २८ भरले. एक्स-रेमध्ये उजव्या खालच्या भागात न्यूमोनिया.

म्हाताऱ्या माणसात संसर्गाचं पहिलं लक्षण बऱ्याचदा गोंधळ, पडणं, जेवण सोडणं किंवा कपड्यात लघवी होणं हे असतं. १०० फॅरनहाइट हाही त्यांच्यासाठी ताप समजा. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्यात चूक राहते.

मधुमेहींत दुखणं कळत नाही, पाय कुजेपर्यंत कळत नाही. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी म्युकर (काळी बुरशी) पाहिला : कोविड होऊन गेलेला, साखर चारशे, आणि तक्रार काय, तर वरची दाढ दुखते, गाल बधिर झाला. बरेच जण आधी दंतवैद्याकडे गेले. नाकातल्या काळ्या पापुद्र्याचा नमुना पोटॅशच्या थेंबात घालून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. बुरशीच्या रुंद, कमी भिंतींच्या फांद्या दिसल्या की त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्याला बोलवा. मधुमेही आणि पावसाळी मातीत राबणारा माणूस यकृतात किंवा प्लीहेत पुवाच्या गाठी घेऊन आला, किंवा क्षयाच्या औषधांना दाद न देणारा न्यूमोनिया घेऊन आला, तर मेलिओइडोसिस, म्हणजे मातीतल्या जंतूचा संसर्ग, आठवा. कल्चरमध्ये तो 'सुडोमोनास' म्हणून निसटतो. रिपोर्टवर जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्ही रेझिस्टंट दिसले तर लॅबला पुन्हा बघायला सांगा.

तान्ह्या बाळाला ताप यायलाच हवा असं नाही. अंग गार पडणं आणि दूध सोडणं हीच धोक्याची सूचना.

पायरी ५ : साध्या रिपोर्टात लपलेलं

प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंगी, हे समीकरण पुण्यात रिक्षावालेही सांगतात. मलेरिया, लेप्टो, स्क्रब, टायफॉइड, सगळ्यांत त्या उतरतात. पांढऱ्या पेशी बघा : डेंगीत सहसा त्याही कमी असतात. त्या १५ हजार आणि न्यूट्रोफिल ८५ टक्के असतील तर 'व्हायरल' हा शब्द लिहिताना पेन थांबू द्या. टायफॉइडमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बहुधा शून्य असतात. भरपूर दिसले तर मी तरी दुसरं काही शोधतो.

कावीळ असेल तर बिलिरुबिन आणि एन्झाइम शेजारी ठेवून वाचा. व्हायरल हिपॅटायटिसमध्ये एन्झाइम हजारांत जातात. बिलिरुबिन वीस, एन्झाइम जेमतेम दोनशे, क्रिएटिनिन चढलेलं आणि स्नायूंचं सीपीके वाढलेलं, असा मेळ लेप्टोचा. कावीळ उतरवायला गावाकडे मुळी घ्यायला जाण्याआधी हे चार आकडे कुणीतरी एकत्र बघायला हवेत.

डेंगीचं वेशांतर पोटात चालतं. उजव्या बाजूला दुखणं, उलट्या, सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड. सर्जन सुरी परजून तयार असतात. पण खडा नाही, पेशी कमी आहेत आणि पोटात थोडं पाणी आहे, तर आधी डेंगी तपासा; भिंत गळतीमुळे सुजली आहे. ताप उतरल्यावर, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी, पोटदुखी आणि उलट्या वाढल्या तर तोच खरा धोक्याचा काळ. घरचे मात्र ताप गेला म्हणून डिस्चार्ज मागत असतात. त्या वेळी प्लेटलेट्सपेक्षा हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढतंय का ते बघा. पपईच्या पानांच्या रसावर वाद घालत मी बसत नाही, फक्त त्याने उलट्या होत असतील तर बंद करायला सांगतो.

आणि उचकी. चार दिवस न थांबणारी उचकी, उजवा खांदा दुखतो, वजन घटलंय, जुलाबाचा पत्ता नाही. यकृताची सोनोग्राफी करा. अमिबाची गाठ डायफ्रॅमला ढोसत असते, सुईने काढलं की चॉकलेटी पू येतो.

पायरी ६ : नमुना नीट घ्या, नाहीतर घेऊ नका

विडालबद्दल एक हिशेब. समजा तापाचे १०० रुग्ण आहेत आणि त्यांत खरे टायफॉइडचे १०. चाचणी दहांतले ७ पकडते असं धरू, आणि उरलेल्या नव्वदांत दर पाचांत एकाला खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणजे १८. एकूण पॉझिटिव्ह २५, त्यांतले खरे ७. आता एकट्या विडालवर कुणाला चौदा दिवसांची इंजेक्शनं द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. डेंगी, टायफॉइड आणि लेप्टो तिन्ही पॉझिटिव्ह असा रिपोर्ट आला तर तीन आजार क्वचितच असतात. बहुधा एकाच्या अँटिबॉडी (प्रतिपिंडं) दुसऱ्यांच्या किटमध्ये उमटलेल्या असतात. तेव्हा पुन्हा तारखांचा कागद काढायचा.

ब्लड कल्चरमध्ये प्रौढांचं रक्त प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली लागतं, आणि दोन वेगवेगळ्या हातांतून. तीन मिली टाकून "नो ग्रोथ" आलं तर त्याला निगेटिव्ह म्हणू नये. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पाठीच्या पाण्याचा कल्चरचा नमुनाही नाही. ते पाणी काढताना त्याच वेळी रक्तातली साखर बघून लिहून ठेवा, नाहीतर पाण्यातली साखर कमी आहे की नाही ते कशाशी ताडणार?

सगळ्यांत जास्त हळहळ बायोप्सीची वाटते. एका तरुणीच्या मानेतली गाठ काढली होती. पूर्ण गाठ फॉर्मेलिनमध्ये टाकलेली. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, कल्चर होत नाही, औषधाला दाद देतो की नाही ते कळत नाही. तिला दुसरी गाठ काढावी लागली. म्हणून ऑपरेशनच्या आधी, नंतर नव्हे, सर्जनला फोन करा आणि थिएटरच्या सिस्टरच्या हातात दोन डब्या द्या : एकीत फॉर्मेलिन, दुसरीत नॉर्मल सलाईन. सलाईनची डबी सीबीनॅट (क्षयाची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला. डबीवर नाव तुम्हीच लिहा.

पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, १९५२ पासून पुण्यात आहे, म्हणून नातेवाईक विचारतात, "एनआयव्हीला पाठवा ना." तिथे नमुना आरोग्य विभागामार्फत जातो. तुमचं काम म्हणजे फॉर्मवर तापाचा पहिला दिवस आणि नमुन्याची तारीख न चुकता भरणं.

पायरी ७ : रिपोर्टची वाट न बघता

श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त, वरचं बीपी १०० किंवा त्याखाली, बोलण्यात गोंधळ. यांतल्या दोन गोष्टी दिसल्या तर रुग्ण दवाखान्याचा नाही, रुग्णालयाचा.

स्क्रबचा दाट संशय असेल तर डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आजच सुरू, गर्भवतीला ॲझिथ्रोमायसिन. लहान मुलांनाही थोड्या दिवसांचा डॉक्सीचा कोर्स चालतो, दात पिवळे पडण्याच्या धास्तीने अडू नका. ताप, डोकेदुखी आणि मान आखडलेली असेल तर कल्चर घेऊन पहिला डोस लगेच, स्कॅनचा नंबर लागेपर्यंत थांबायचं नाही.

जीबीएसचा संशय असलेल्या रुग्णाला एका श्वासात आकडे म्हणायला लावा. वीसच्या आत अडकला तर आयसीयूची सोय असलेल्या ठिकाणी हलवा, ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी. तो शेवटी उतरतो. दोन सोंगं मात्र ओळखा. ताप चालू असताना, चावलेल्याच हातापायापासून, मुंग्या येऊन लुळेपणा सुरू झाला आणि लघवी अडली, तर पाण्याची भीती नसली तरी तो रेबीज असू शकतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या मिटू लागल्या, तर तो संसर्गच नाही. मण्यार चावलेली असते, खूणही दिसत नाही.

पायरी ८ : अठ्ठेचाळीस तासांनी स्वतःचंच निदान तपासा

प्रत्येक औषधाचा आपला वेळ असतो. स्क्रब डॉक्सीला बहुधा ४८ तासांत दाद देतो. नाही दिली तर निदानाकडे परत या. टायफॉइडचा ताप मात्र योग्य औषधावरही चार-सहा दिवस रेंगाळतो, म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बदलणं हा उतावळेपणा. मावशींच्या बाबतीत मीही पाचव्या दिवशी तसाच उतावळा झालो, वर निदान चुकलेलं ते वेगळंच. दुसऱ्या भेटीत सगळं पहिल्यापासून विचारतो, जणू रुग्ण नवाच आहे. पहिल्यांदा "नाही" म्हणालेली माणसं दुसऱ्यांदा हमखास काहीतरी आठवून येतात. तीन आठवडे उलटूनही उत्तर नसेल तर लिम्फोमा, ल्युपस, औषधाचा ताप हेही रांगेत येतात आणि तिथे एकट्याने झुंजू नये.

क्षयरोग २०१२ पासून कळवणं बंधनकारक आहे, डेंगीही कळवायचा असतो. त्या फॉर्मांचा सगळ्यांना कंटाळा, मलाही. पण सिंहगड रोडच्या साथीत प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले रुग्ण एक-दोनच होते, कळवल्यावर ते एका नकाशावर आले. तेव्हापासून ओपीडीच्या वहीत पत्त्याच्या शेजारी मी एक रकाना आखला आहे. त्यात एकच शब्द लिहितो : नळ, टँकर, बोअर किंवा विहीर.